मोटरसायकलचा क्लच पूर्ण कट होत नसेल तर: घरी काय करायचं, गॅरेजला काय सांगायचं

क्लच पूर्ण आवळलाय, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे आणि तरीही ती पुढे ओढ घेतेय. सिग्नलला न्यूट्रल पडत नाही, इंजिन बंद केलं की लगेच पडतो. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, कधी गाडी धक्का देऊन बंदच पडते. मेकॅनिक लोक याला ‘क्लच कट होत नाही’ म्हणतात. ठाण्यात हा दोष घेऊन गाडी चालवणं फार जाचक आहे. माजिवडा ते कापूरबावडी एवढ्या पट्ट्यात संध्याकाळी क्लच किती वेळा दाबावा लागतो ते रोज जाणाऱ्यांना विचारा. आणि गायमुखच्या घाटात पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर उभं असताना गाडीने आपणहून सरकणं, हा नुसता त्रास नाही, धोका आहे.

माझ्या १२५ सीसीच्या गाडीला हे सुरू झालं तेव्हा जिथे नेली तिथे हँडलजवळचा नट थोडा फिरवून ‘झालं’ असं सांगितलं गेलं. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी मॅन्युअल उघडून, वायर वरपासून खालपर्यंत तपासत बसलो तेव्हा उलगडा झाला: वरचा नट हा शेवटचा, बारीक फरकासाठी ठेवलेला नट आहे. खरं काम खाली, इंजिनाजवळ होतं, आणि तेही वायर धड आहे याची खात्री झाल्यावर. क्रम पाळला तर नवख्या माणसालाही हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतं.

हा लेख वायरीवर चालणाऱ्या क्लचसाठी आहे. आपल्याकडच्या १०० ते ३५० सीसीच्या बहुतेक मोटरसायकली यात येतात. हायड्रॉलिक क्लच (वायरीऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर काम वेगळं आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला हाताचा क्लचच नसतो.

## १. आत काय चालतं, दोन मिनिटांत

इंजिनाच्या तेलात बुडालेल्या प्लेटांची एक चळत असते. एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी, पुन्हा घर्षणाची, अशी. घर्षणाच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी प्लेटा गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात आणि स्प्रिंगा या सगळ्यांना घट्ट दाबून धरतात. तुम्ही क्लच दाबता तेव्हा स्प्रिंगांचा दाब हटतो आणि प्लेटा एकमेकींपासून सुटतात.

किती सुटतात, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. लिव्हरचं टोक पाच-सहा सेंटीमीटर फिरतं, पण आतली प्रेशर प्लेट उचलली जाते जेमतेम दोन-एक मिलिमीटर. ती फट सगळ्या प्लेटांमध्ये वाटली जाते, म्हणजे एकेका जागेला मिलिमीटरचा अगदी लहानसा भाग येतो. म्हणून वर लिव्हरला ठरलेल्या मोकळ्या अंतराहून दीड-दोन सेंटीमीटर जास्त फुकट गेले, तर खाली प्लेटा पुरत्या सुटतच नाहीत. त्या एकमेकींना घासत राहतात आणि गाडी ओढ घेते.

## २. आधी खात्री करा की दोष क्लचचाच आहे

‘क्लच खराब झालाय’ या एका वाक्यात लोक दोन उलटे दोष कोंबतात. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर दम टाकते, तर क्लच घसरतोय, म्हणजे पूर्ण धरत नाहीये. आपला दोष त्याच्या उलट आहे: पूर्ण सोडत नाहीये. वायरीच्या बाबतीत या दोघांचे उपाय विरुद्ध दिशेचे आहेत, म्हणून गॅरेजला नेमकं सांगणं महत्त्वाचं.

आता फसवी लक्षणं.

सगळ्यात जास्त गोंधळ मधल्या स्टँडवर होतो. गाडी स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, क्लच दाबून पहिला गिअर टाकला की मागचं चाक फिरतं आणि माणूस घाबरतो. प्लेटा तेलात असल्यामुळे चाक थोडं फिरणारच. पाहायचं ते हे, की मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक निमूट थांबतं का. थांबलं आणि इंजिनाला काही फरक पडला नाही, तर क्लच ठीक आहे. इंजिन दबलं किंवा बंद पडलं, तर क्लच कट होत नाहीये. फिरत्या चाकाजवळ हात, ओढणी किंवा फडकं नेऊ नका.

सकाळच्या पहिल्या गिअरचा धक्काही वेगळा धरा. रात्रभर उभ्या गाडीत तेलामुळे प्लेटा एकमेकींना चिकटतात. फक्त पहिल्याच वेळी खाडकन होत असेल आणि नंतर सुरळीत, तर चिंता नको. इंजिन सुरू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि चार-सहा वेळा पुढेमागे ढकला. प्लेटा सुटतात.

न्यूट्रल इंजिन बंद असतानाही पडत नसेल तर दोष बहुधा गिअर बदलण्याच्या यंत्रणेत आहे, क्लचमध्ये नाही. इंजिनाची आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) जास्त असली तरी गाडी सरकल्यासारखी वाटते आणि गिअर कडक पडतात. अनेक १००-१२५ सीसी गाड्यांना ती मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास हवी असते, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चेन कोरडी किंवा फार ताणलेली असली तरी गिअर धक्का देऊन पडतात.

## ३. काय काय लागेल

• गाडीचं मॅन्युअल. प्रत्येक मॉडेलचा प्ले (लिव्हरचं मोकळं अंतर) वेगळा असतो आणि तो आकडा याच पुस्तकात असतो. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं.
• ८, १०, १२ आणि १४ नंबरचे पाने. खालच्या नटांना बहुतेक वेळा यांतलेच लागतात.
• पक्कड, चपटा स्क्रू ड्रायव्हर, लहान स्टीलची पट्टी.
• थोडं पातळ तेल, थोडं ग्रीस, जुनं फडकं.
• मोबाईलचा कॅमेरा. काही सोडण्याआधी वायरीचा मार्ग आणि नटांची जागा यांचा फोटो काढा.
• शेवटच्या ऑइल बदलाचं बिल आणि सर्व्हिस बुक. कुठल्या ग्रेडचं तेल घातलंय हे पुढे लागेल.

इंजिन थंड असताना काम करा. खालचा अ‍ॅडजस्टर (वायर ताणायची किंवा ढिली करायची जागा) बऱ्याच गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या नळीजवळ असतो आणि ती बोट भाजते.

## ४. प्ले मोजा

प्ले म्हणजे लिव्हर दाबायला सुरुवात केल्यापासून वायर ताणली जाईपर्यंतचं मोकळं अंतर. गाडी सपाट जागी उभी करा, हँडल सरळ ठेवा, एका बोटाने लिव्हर हलकेच ओढा. ‘आता कडक लागलं’ असं वाटतं तिथे थांबा आणि लिव्हरच्या टोकाने किती अंतर कापलं ते पट्टीने मोजा.

अनेक गाड्यांना टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेले असतात. काही मॅन्युअलं टोकाऐवजी लिव्हरच्या मुळाशी, म्हणजे लिव्हर आणि तिला हँडलवर धरून ठेवणारी पकड यांच्यामधली फट मोजायला सांगतात, आणि तिथे आकडा दोन-तीन मिलिमीटरच असतो. इथे लोक हमखास चुकतात: मुळाशी मोजायचे दोन-तीन मिलिमीटर टोकाशी ठेवतात. वायर सतत ताणलेली राहते, प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत, आणि काही आठवड्यांत क्लच जळतो. कुठे मोजायचं ते चित्र बघून ठरवा.

मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पुन्हा बघा. हँडल वळवल्यावर तो नाहीसा होत असेल तर वायर कुठेतरी अडकतेय किंवा चुकीच्या मार्गाने नेलीय. नंबर प्लेट, मोबाईल होल्डर किंवा जादा दिवे बसवताना वायर दाबली गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

मोजमाप लिहून ठेवा. प्ले मॅन्युअलपेक्षा जास्त निघाला तर उपाय बहुधा पुढच्या टप्प्यांतच आहे. प्ले बरोबर असूनही गाडी सरकत असेल तर वायर ताणत बसू नका, टप्पा ५ करून थेट टप्पा ८ वर जा.

## ५. नटाला हात लावण्याआधी लिव्हर आणि वायर बघा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि म्हणूनच दोष परत येतो.

एक चाचणी दोन माणसांनी करायची. घरातल्या कुणाला तरी लिव्हर सावकाश पूर्ण दाबायला सांगा. तुम्ही खाली इंजिनाजवळ, वायर जिथे संपते तो आर्म बघा. वायरीचा माग धरत खाली गेलात की सापडतो, काही गाड्यांत उजवीकडे, काहींत डावीकडे. लिव्हर पूर्ण आत जाते पण आर्म जेमतेम हलतो, तर प्रवास वाटेत, म्हणजे लिव्हर किंवा वायरीत हरवतोय. आर्म व्यवस्थित, भरपूर हलतो आणि तरीही गाडी सरकते, तर दोष इंजिनाच्या झाकणाच्या आत आहे. एवढ्या एका गोष्टीने तुमचा निम्मा गोंधळ संपतो.

लिव्हरच्या बोल्टमध्ये खेळ आहे का, ती वरखाली लटपटते का, ते बघा. गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल तर लिव्हर वाकलेली असू शकते. ती पूर्ण दाबली जाण्याआधीच मुठीच्या रबराला टेकते आणि प्रवास कमी पडतो. जाड ग्रिप कव्हर घातल्यानेही नेमकं हेच होतं.

वायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण आपल्या हवेत ती लवकर जाते. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात खाडीची दमट हवा. ऐरोली, वाशी, कोपरी, बाळकुम, कुठेही उघड्यावर गाडी लावणाऱ्यांच्या वायरींना गंज धरतोच. लिव्हरजवळचं रबर मागे सारा आणि आतली तार बघा. एक-दोन तंतू तुटून बाहेर आले असतील तर वायर आजच बदला. ती जुळवायची नाही, आणि ‘अजून चालेल’ असं म्हणायचं नाही, कारण ती तुटते ती भर रस्त्यात, क्लच दाबलेला असताना.

तंतू शाबूत आहेत पण वायर जड चालते, तर वरचं टोक सोडवा. अ‍ॅडजस्टर, चेक नट (जुळवलेलं जागच्या जागी पक्कं धरणारा नट) आणि पकड या तिघांतल्या खाचा एका रेषेत आणल्या की वायर बाजूने निघते. वायर उभी धरा, टोकाभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा लहान कोपरा बांधून त्यात पातळ तेल टाका, आणि तार वरखाली करत ते खाली झिरपू द्या. ग्रीस वायरीच्या आत घालू नका, ते धूळ धरून घट्ट होतं. ग्रीस लावायचं ते लिव्हरच्या बोल्टला आणि वायरीच्या टोकाच्या गोळीला. तेलानंतरही वायर खरखरत असेल तर कंपनीचीच नवी वायर आणा. स्वस्तातल्या वायरीचं आवरण दाबाखाली आखडतं आणि लिव्हर कितीही जुळवली तरी प्रवास खाऊन टाकतं.

## ६. खालून जुळवा

आता मुख्य काम.

पहिल्यांदा वरचा, हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्या आणि मग एक-दोन आटे बाहेर काढा. वायर ढिली पडेल, पडू द्या. आता वर पुढे-मागे करायला जागा शिल्लक राहिली.

खाली वायरीचं आवरण एका पट्टीत नटांनी धरलेलं असतं. चेक नट सैल करा. दुसरा नट फिरवून आवरणाचं टोक आर्मपासून लांब नेलं की वायर ताणली जाते आणि प्ले कमी होतो, जवळ आणलं की वाढतो. अर्धा आटा फिरवा, वर जाऊन मोजा, पुन्हा अर्धा. मॅन्युअलच्या आकड्याच्या जवळ आलं की थांबा. दुसरा नट एका पान्याने धरून ठेवा आणि चेक नट दुसऱ्या पान्याने आवळा. न धरता आवळला तर दोन्ही मिळून फिरतात आणि जुळवलेलं बिघडतं. जोर लावू नका, हे आटे बारीक असतात.

खालचे नट गंजून जाम झाले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

खालच्या अ‍ॅडजस्टरची सगळी चुडी संपली तरी प्ले जास्तच राहत असेल, तर वायर लांबलीय, ती बदलायची. आर्म काढून एक दात पुढे बसवण्याचा सल्ला काही जण देतात. काही गाड्यांत आर्म आणि इंजिनावर जुळवायची खूण असते. कुणी तो आर्म आधी काढून चुकीच्या दातावर बसवला असेल तर खुणेवर परत आणणं योग्य आहे. पण लांबलेल्या वायरीवर उपाय म्हणून खूण सोडून बसवणं मला मान्य नाही, कारण आर्मचा कोन बिघडला की उचल आणखी कमी होते.

## ७. वरून बारीक फरक, मग चाचणी

आता वरचा अ‍ॅडजस्टर थोडाथोडा फिरवून प्ले नेमका करा. बाहेर फिरवला की प्ले कमी, आत फिरवला की जास्त. तो निम्म्याहून जास्त बाहेर आला तर मागे फिरा आणि खालून पुन्हा जुळवा, कारण बाहेर लटकणारा अ‍ॅडजस्टर गाडी पडल्यावर मोडतो. चेक नट आवळताना अ‍ॅडजस्टरची खाच पकडीच्या खाचेशी एका रेषेत राहणार नाही एवढं बघा. नाहीतर वायर निसटू शकते आणि पावसाचं पाणी सरळ आत जातं. रबर परत चढवा.

हँडल दोन्हीकडे वळवून प्ले तपासा. मग इंजिन सुरू करा, पाच मिनिटं गरम होऊ द्या, ब्रेक धरून पहिला गिअर टाका. गाडी ओढ घेत नसेल, न्यूट्रल पायाच्या हलक्या टिचकीने पडत असेल, तर जमलं. नंतर लिव्हर सावकाश सोडत गाडी कुठे उचलते ते बघा. पूर्ण सोडल्यावरच उचलली तर वायर जास्त ताणली गेलीय.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारात किंवा रिकाम्या रस्त्यावर घ्या, थेट ठाणे-बेलापूर रोडवर नको. तिथून परतल्यावर, इंजिन चांगलं तापलेलं असताना, प्ले आणखी एकदा मोजा. तेव्हाही तो उरलेला हवा.

## ८. एवढं करूनही गाडी सरकते

आधी तेल बघा. मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा जाड तेल, किंवा खुणेच्या वर भरलेलं तेल, प्लेटांना एकमेकींना ओढायला लावतं, विशेषतः थंड असताना. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं, रॉयल एनफिल्डच्या अनेक गाड्यांना १५डब्ल्यू-५०. ‘मुंबईत गरमी आहे, जाड टाका’ हा सल्ला ऐकू नका. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं, ही ओल्या क्लचसाठीची खूण आहे. कारचं तेल मोटरसायकलला नको, त्याने क्लच घसरू शकतो. पावसात गाडी पाण्यात बुडाली असेल आणि तेल चहासारखं दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेलंय. गाडी सुरू न करता तेल बदलून घ्या.

काही मॉडेल्सना इंजिनाच्या झाकणावर पुशरॉडचा (क्लच दाबल्यावर आतून प्लेटा सोडवणाऱ्या दांड्याचा) वेगळा स्क्रू आणि चेक नट असतो. तो असेल तर क्रम बदलतो: वायर ढिली करून आधी तो मॅन्युअलप्रमाणे जुळवायचा, मग वायर. पुस्तकात त्याचा उल्लेख नसेल तर इंजिनावरच्या कुठल्याही स्क्रूला हात लावू नका.

याही पलीकडे दोष असेल तर तो आत आहे. वाकलेल्या पोलादी प्लेटा, प्लेटांच्या दातांनी हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) कडांना पाडलेल्या खाचा ज्यांत प्लेटा अडकून बसतात, झिजलेला पुशरॉड, असमान आवळलेल्या स्प्रिंगा. क्लच प्लेट नुकत्याच बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर नव्या घर्षण प्लेटा तेलात न भिजवता बसवल्या किंवा क्रम चुकला, हा संशय पहिला. हे काम झाकण उघडून, तेल काढून करायचं आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने ते घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वॉरंटी चालू असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय कुठेही झाकण उघडू देऊ नका.

## ९. गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘दादा, क्लच बघा जरा’ एवढंच म्हटलंत की वरचा नट फिरणार. त्याऐवजी असं सांगा: ‘दादा, क्लच घसरत नाहीये, कट होत नाहीये. प्ले मॅन्युअलप्रमाणे आहे, वायर मोकळी आहे, खाली आर्म पूर्ण हलतोय, तेल अमुक ग्रेडचं आहे, अमुक महिन्यात घातलंय.’ चांगला मेकॅनिक हे ऐकून सरळ मुद्द्यावर येतो. सर्व्हिस सेंटरला हीच वाक्यं जॉब कार्डवर लिहून घ्या.

झाकण उघडणार असतील तर शक्य तितकं समोर थांबा. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून सपाट आहेत का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायला सांगा. हाउसिंगच्या कडांवरून स्वतःचं बोट फिरवून बघा, खाच लागते. नुसत्या घर्षण प्लेटा बदलून खाचांचं हाउसिंग तसंच ठेवलं तर खर्च होईल आणि गाडी सरकतच राहील. झाकणाचं गॅस्केट नवं टाकायला सांगा आणि काढलेले जुने भाग मागून घ्या.

गाडी ताब्यात घेताना पट्टी खिशात असू द्या आणि तिथेच प्ले मोजा. नवी वायर किंवा नव्या प्लेटा बसल्या असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये प्ले बदलतो. वायर लांबल्याने तो वाढतो, प्लेटा बसत गेल्या की कमी होतो. म्हणून दर रविवारी मोजा, आणि दोन-तीन रविवार आकडा तोच आला की मग दर सर्व्हिसला बघितलं तरी चालेल.